खिळ्यावरचे रिकामे रीळ

मी एक जुने रीळ आहे, मित्रांनो. शिवणयंत्रात बसते तेवढे छोटे नव्हे. चांगले वीतभर लांब, दोन्ही टोकांना चकत्या असलेले, मेपलच्या लाकडाचे. पायाने चालवायच्या चरख्यावर माझी जागा असते. चरखा फिरू लागला की लोकरीचा ताजा धागा येऊन माझ्या अंगावर गुंडाळला जातो. माझे काम एवढेच.

माझा जन्म कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या दक्षिण टोकाला असलेल्या एका बेटावर झाला. ओबेड क्रोवेल नावाचे एक गृहस्थ तिथे होड्या बांधत. एक होडी बांधून उरलेल्या लाकडाची त्यांनी तीन रिळे कातली आणि आपल्या मुलीला, झिल्फाबाईंना, चरख्यासकट दिली. त्या तिघांपैकी मधले मी.

आता एक छोटेसे गणित समजून घ्या, कारण पुढची सगळी हकीकत त्यावर उभी आहे. एकेरी धागा कच्चा असतो. म्हणून दोन धागे एकत्र पिळावे लागतात. त्यासाठी दोन रिळे भरलेली हवीत, आणि पिळलेले सूत अंगावर घ्यायला तिसरे रीळ हवे. ते रिकामे हवे.

झिल्फाबाईंना हे गणित पाठ होते. त्यांच्या स्वयंपाकघरात खिडकीशेजारी एक खिळा होता. त्या खिळ्यावर एक रीळ कायम रिकामे लटकत असे. आज मी, उद्या धाकटे, परवा थोरले. खरे सांगते, आम्हा तिघांनाही ती पाळी नकोशी वाटे. शेजारणी चहाला आल्या की भरलेल्या रिळावरून हात फिरवून म्हणत, "काय सुंदर सूत काढलंय!" खिळ्याकडे कोणी बघतही नसे. खिळ्यावर लटकणे ही शिक्षाच आहे, असे मला वाटे. भरलेले असणे म्हणजे मोठेपण, ही माझी तेव्हाची समजूत होती.

झिल्फाबाई गेल्या आणि चरखा मागच्या खोलीत गेला. त्यांची मुलगी लेटा टपाल कचेरीत होती. एकतीस वर्षे ती बेटावरच्या लोकांची पत्रे लावत राहिली आणि आम्ही तिघे एका लाकडी पेटीत पडून राहिलो. माझ्या चकतीचा एक कोपरा उंदराने कुरतडला. कोळ्याने माझ्या पोटात घर केले. त्या वर्षांबद्दल जास्त सांगत नाही.

मग लेटा निवृत्त झाली. दुसऱ्याच दिवशी तिने पेटी उघडली, आम्हाला पुसले, तेल लावले. तेलाचा तो पहिला थेंब मी अजून विसरलेले नाही.

लेटा मोठ्या मनाची बाई. एकतीस वर्षांत जे करायचे राहिले ते सगळे तिला एकाच हिवाळ्याआधी करायचे होते. भरती-ओहोटीच्या जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तिने यादी लिहिली आणि फ्रिजच्या दारावर लावली. भाची जेनेलच्या लग्नासाठी पांढरी शाल. स्वतःसाठी तपकिरी स्वेटर. मावसबहिणीच्या नातवाला निळे पांघरूण. चर्चच्या विक्रीसाठी किटलीवर घालायच्या टोप्या. मोज्यांचे पाच जोड. असे करत करत अकरा कामे. अकरावी ओळ सगळ्यात छोटी होती: "मर्ल, हातमोजे."

मर्ल हा लेटाचा धाकटा भाऊ. तो समुद्रात शेवंडी, म्हणजे लॉब्स्टर, पकडायला जाई. आमच्याकडे नोव्हेंबरच्या शेवटच्या सोमवारी सगळ्या होड्या सापळे घेऊन एकदम निघतात आणि मग वसंतापर्यंत गारठलेल्या पाण्यातच काम असते. रबरी हातमोज्यांत हात घामेजतो आणि मग गोठतो. लोकर मात्र भिजली तरी ऊब धरून ठेवते. लेटाने त्याला त्या सोमवारच्या आत जोड देईन असे सांगितले होते. हातमोजे जाड सुताचे, दोन दिवसांचे काम. म्हणून ते शेवटी लिहिले होते.

मर्ल दर शनिवारी बहिणीकडे जेवायला येई. दिवसभर भट्टीत शिजलेला घेवडा आणि काकवी घातलेला पाव, हे शनिवारचे जेवण. आल्याबरोबर तो हातातले जुने मोजे शेगडीच्या दांडीवर वाळत टाकी आणि यादीसमोर उभा राही.

"ताई, यादी कमी होतेय की वाढतेय?"

"कमीच होतेय. बस, गार होईल."

"मागच्या शनिवारी अकरा कामं होती. आज अकराच्या खाली पेन्सिलीने आणखी एक दिसतंय."

"ते नुसतं सुचलं म्हणून लिहिलंय. आणि अकरावं तुझंच आहे, ढोल्या."

"मग माझ्या म्हातारपणी घालीन."

"ते आलंच आहे. आरशात बघ."

दोघे हसत आणि जेवायला बसत. मर्लने याहून जास्त कधी विचारले नाही. तो स्वतः सापळ्यांच्या जाळ्या विणे. एक जाळी पुरी झाली की खिळ्याला टांगी, मगच दुसरी सुरू करी. लेटाची रीत वेगळी. तिने थोरल्यावर शालीचा पांढरा धागा कातला, केसासारखा बारीक. तीन महिने त्यावर घालवले. मग स्वेटरची आठवण झाली म्हणून माझ्यावर तपकिरी. मग पांघरुणाची, म्हणून धाकट्यावर निळा. घरातली एकूण एक विणायची सुई कुठल्या तरी अर्धवट मोज्यात अडकलेली होती. खिळा रिकामा होता. आम्ही तिघेही भरलेलो, तिघेही कौतुकाचे धनी. मला फार आनंद झाला होता.

शेजारची आर्डिथ डेमिंग चर्चच्या गायनवृंदात गात असे आणि दिवसातून दोनदा लेटाकडे डोकावत असे. तिने एकदा आमच्याकडे पाहून विचारले, "लेटा, तिन्ही भरलीस. पिळणार कशावर, माझ्या डोक्यावर?"

"बघू नंतर. कातायला लागलं की थांबवत नाही गं."

होड्या निघायचा सोमवार पाच दिवसांवर आला. त्या बुधवारी सकाळी लेटाने खिडकीतून धक्क्याकडे पाहिले. होड्यांवर सापळ्यांच्या थप्प्या चढत होत्या. ती एकदम उठली आणि राखाडी लोकरीची टोपली काढली. पिंजलेल्या लोकरीचे पेळू तयार होते. रीळ मात्र एकही मोकळे नव्हते.

"तात्पुरतं," ती स्वतःशीच म्हणाली, आणि तिने माझ्यावरच्या तपकिरी धाग्यावरच राखाडी धागा कातला.

मित्रांनो, माझे पोट आधीच भरलेले होते. त्यावर हा जाड धागा. मग तेच धाकट्याच्या निळ्यावर. आणि दोन्ही राखाडी धागे एकत्र पिळायची वेळ आली तेव्हा तिने थोरल्याला चरख्यावर चढवले, पांढऱ्या शालीच्या धाग्यासकट. थोरले जेमतेम शंभर हात सूत घेऊ शकले. मग सूत त्याच्या चकतीवरून घसरले आणि मधल्या दांड्यात अडकले. खालचा बारीक पांढरा धागा त्यात ओढला गेला. चरखा कचकन थांबला. पुढे नाही, मागे नाही.

लेटाने सुईने उकलून पाहिले, दातांनी पाहिले, चष्मा बदलून पाहिले. जितके उकलावे तितके आवळत होते. आर्डिथ आली तेव्हा लेटा चरख्यासमोर जमिनीवर बसली होती.

"अगं, हा धागा आहे की समुद्रातलं शेवाळ?" आर्डिथ म्हणाली.

"चेष्टा नको. सोमवारी मर्ल निघणार आहे."

"मग काप."

"तीन महिने लागलेत या पांढऱ्याला! जेनेलच्या लग्नाची शाल आहे ती."

आर्डिथ हात शेकायला शेगडीकडे वळली आणि दांडीवर शनिवारपासून विसरलेल्या मर्लच्या जुन्या मोज्यांकडे बघत राहिली. मग एक मोजा उचलून तिने लेटाच्या मांडीवर टाकला.

"हे बघितलंस? याला हातमोजा म्हणतात की शेवंडीचा सापळा?"

लेटाने तो उलटा केला. तळव्याचा भाग पूर्ण झिजून गेला होता. तिथे मर्लने सापळ्यांच्या हिरव्या दोरीने, जाळीच्याच गाठी मारून, ठिगळ विणले होते. नीटनेटके, चौकोनी घरांचे. वारा आरपार जाईल असे. अंगठ्यालाही तसेच. गाठी मळून गेल्या होत्या, म्हणजे ठिगळ बरेच जुने होते. ते मोजे किती शनिवार माझ्या समोर वाळत होते! मी दर वेळी पाहिले आणि मलाही काही वाटले नाही. मी आपले भरलेले असण्यात गुंग होते.

लेटाने त्या जाळीच्या घरांत बोटे घालून पाहिली. मग उठून तिने फोन लावला.

"जेनेल, शालीचं सांगायचं होतं..."

फोनमधला मोकळा आवाज मलाही ऐकू आला. "आत्या, लग्न जुलैत आहे! शाल घेऊन मी घामाघूम होऊ का? तू ये म्हणजे झालं. आणि ते लिंबाचे केक आण."

मग तिने मावसबहिणीला विचारले. तिकडे कळले की ज्याच्यासाठी पांघरूण, ते बाळ आता पळायला लागले आहे आणि त्याला अंगावर काहीच ठेवायला आवडत नाही. लेटाने फोन ठेवून आर्डिथकडे पाहिले.

"चर्चच्या टोप्या?"

"मागच्या वर्षीच्या विक्रीत न खपलेल्या चौदा माझ्या कपाटात पडल्यात. तुझं मन मोडायला नको म्हणून बोलले नाही."

यादीतल्या कितीतरी माणसांनी काही मागितलेच नव्हते. ज्याला खरोखर हवे होते, त्याने तोंड उघडले नव्हते आणि त्याचे नाव सगळ्यात खाली होते. लेटाने कात्री घेतली. थोरल्याच्या अंगावरचे गुंतलेले तीन महिने तिने कच्चकन कापले. थोरले मोकळे झाले तेव्हा त्याचा सुटकेचा श्वास मी ऐकला.

मग कामाला सुरुवात झाली. माझ्यावरचे आणि धाकट्यावरचे राखाडी धागे थोरल्यावर एकत्र पिळले गेले. इतके सरळ, इतके शांत काम त्या वर्षात झाले नव्हते. सूत धुऊन शेगडीवर वाळले. एका अर्धवट मोज्यातून चार सुया निघाल्या. कापलेल्या पांढऱ्या धाग्याचे तुकडे लेटाने टाकून दिले नाहीत. हातमोजा विणताना दर तीन टाक्यांमागे एक तुकडा तिने आतल्या बाजूला अडकवला, म्हणजे आत मऊ अस्तर तयार होते. आमच्याकडच्या जुन्या बायका असे करत.

शनिवारी मर्लने निरोप पाठवला की सापळे चढवायचे असल्याने तो जेवायला येणार नाही. लेटाने डब्यात घेवडा भरून धाडला. दिवे लागायच्या वेळी एक मोजा पुरा होता आणि दुसरा मनगटापर्यंतच आला होता. दुसऱ्या दिवशी रविवार, देवाचा वार. झिल्फाबाईंच्या घरात रविवारी सुईला हात लावायचा नाही, ही शिस्त लेटानेही आयुष्यभर पाळली होती.

रविवारी ती चर्चला जाऊन आली, जेवली, भांडी घासली. मग खिडकीशी बसून तिने सुया उचलल्या. दुपार कलेपर्यंत मोजा झाला, पण अंगठा राहिला. आणि दारात आर्डिथ उभी, अंगात अजून चर्चचा कोट.

लेटाने मोजा लपवला नाही. "बोल काय बोलायचं ते."

आर्डिथने कोट काढून खुर्चीवर टाकला. "मी काही बघितलं नाही. दे इकडे तो अंगठा. तू चहा टाक."

सोमवारी उजाडता उजाडता मर्ल जुने मोजे न्यायला आला. धक्क्यावर इंजिने घरघरत होती. लेटाने त्याच्या हातात नवा जोड ठेवला. त्याने एक मोजा घातला, मूठ मिटली, उघडली. मग काढून उलटा केला आणि आतले पांढरे तुकडे पाहिले.

"हे काय?"

"जेनेलची शाल."

मर्लने मोजा पुन्हा घातला. "मग जुलैत मी हेच घालून लग्नाला उभा राहतो."

"राहा की. फोटो मी काढीन."

तो दारापर्यंत गेला आणि थांबला. "ताई, जुने टाकू नकोस. गाठी चांगल्या बसल्यात." मग गेला.

लेटाने यादी फ्रिजवरून काढली, चार कामे ठेवली, बाकीची खोडली. माझ्या अंगावरचा तपकिरी धागा सावकाश उकलून त्याचा गोळा केला. कितीतरी महिन्यांनी माझ्या लाकडाला हवा लागली. तिने मला तेलाचा थेंब दिला, उंदराने कुरतडलेल्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला आणि खिडकीशेजारच्या त्या जुन्या खिळ्यावर टांगले.

तिथून धक्का दिसतो, हे मी इतक्या वर्षांत विसरलेच होते. सापळ्यांनी लादलेल्या होड्या एकामागून एक बाहेर पडत होत्या. मर्लच्या होडीवर एक राखाडी हात वर झाला.

मित्रांनो, तुम्हीही खूप काही करायचे ठरवत असाल. जरूर ठरवा. पण यादीच्या अगदी तळाशी कोणाचे नाव आहे ते एकदा वाचा, आणि तो माणूस गप्प का आहे ते बघा. घरातल्या जुन्या चरख्याला, जुन्या रिळाला अधूनमधून तेल द्या. आणि तीन रिळे असतील तर एक खिळ्यावर राहू द्या. तिथे लटकायला मला आता मुळीच वाईट वाटत नाही. पुढचे सूत कोणासाठी असेल, याची मी वाट बघते आहे.