भिंतीची पहिली वीट

दादाशी दोन मिनिटं एकट्याने बोलायचं, एवढीच वालुयोची इच्छा होती. त्यासाठी गावाने बस ठरवली.

खरं तर तो गुपचूप जाणार होता. पहाटे बाजारात माल टाकायचा आणि मोटरसायकल तशीच पुढे जिल्ह्याच्या इस्पितळाकडे वळवायची. हा बेत त्याने फक्त बायकोला सांगितला. तुमिनीने तो फक्त शेजारच्या बू रातेमला सांगितला. बू रातेमने तर कोणालाच सांगितला नाही, ती फक्त नळावर जरा मोठ्याने बोलली. संध्याकाळी वाडीच्या कारभाऱ्याची बायको बू लास्त्री दारात हजर. (तिकडे मानाने बाईला बू आणि पुरुषाला पाक म्हणतात.)

"पाक वालुयो, एकटेच निघालात म्हणे? पाक पार्तोयो आमचे कोणीच नाहीत वाटतं?"

"तसं नाही, बू. मी म्हटलं, सगळ्यांना उगाच त्रास."

"त्रास कसला? बस सांगितलीसुद्धा. आणि बस काय, दिवसभरासाठीच मिळते. तेव्हा इस्पितळ झालं की समुद्रावर जाऊ. आजारी माणूस बघून मन खट्टू होतं, जरा वारं लागलेलं बरं."

या गावात आजाऱ्याला कोणी एकट्याने भेटायला जात नाही. जो एकटा जातो, त्याचा डोळा आजाऱ्याच्या जमिनीवर आहे असं लोक समजतात. वालुयो जमिनीसाठीच जाणार होता, त्यामुळे त्याला काही बोलता येईना.

जमीन म्हणजे तरी काय, एक वाट. वडिलांनी वाटणी करताना रस्त्याकडची जागा थोरल्या पार्तोयोला दिली, मागची वालुयोला. वालुयोच्या घरामागे उतार आणि त्याखाली सरकारी सागाचं जंगल. म्हणजे जायचं-यायचं ते दादाच्या अंगणाच्या कडेनेच. "भावाभावांत कसली आलीय हद्द," असं वडील म्हणाले आणि निश्चिंतपणे वारले. पुढे सरकारी मोजणी आली. मोजणीवाल्याने अंगणात उभं राहून विचारलं, "मागच्या घराची वाट कुठून?" आता थोरला भाऊ समोर उभा असताना धाकट्याने त्याच्या अंगणाकडे बोट कसं दाखवायचं? आणि धाकट्याने मागितलं नसताना थोरल्याने "ही घे" म्हणून उपकार केल्यासारखं कसं बोलायचं? दोघेही इतक्या अदबीने गप्प राहिले की मोजणीवाल्याला ऊन लागायला लागलं. त्याने अंगणाच्या कडेला, बू रातेमच्या दगडी बांधाच्या अलीकडे एक रेघ मारली, तुमिनीने तळलेली केळी खाल्ली आणि तो गेला. रेघेच्या पलीकडे वालुयोसाठी सांडपाण्याची चर तेवढी उरली. तिच्यातून कोंबडी आरामात जाते. माणूस जातो, पण अंग आडवं करून, खेकड्यासारखा.

इतकी वर्षं ती रेघ कागदावर झोपून होती, कोणाचं काही अडलं नाही. तुमिनी सोयाबीन उकडून, केळीच्या पानात बांधून, उबेत ठेवून टेंपे करायची. पहाटे वालुयो टेंप्याच्या दोन वेताच्या टोपल्या मोटरसायकलच्या दोन बाजूंना टांगायचा. टोपल्या लावल्या की गाडी म्हशीएवढी रुंद होई, आणि म्हैस दादाच्या अंगणातून रुबाबात बाहेर पडे. त्यावर तीन मुलांची शिक्षणं झाली. आता पार्तोयोचा मुलगा हेंद्रो शहरातली कारखान्याची नोकरी सोडून, गाडी आणि बायको घेऊन गावी परतला होता. शहरात राहून आलेल्या माणसाला भिंत लागते. सरकारी रेघेवर बरोब्बर भिंत घालायची, असं त्याने ठरवलं होतं. सिमेंटचे ठोकळे आले होते, गवंडी ठरला होता, पंचांगातला बरा वार पाहून शनिवारही ठरला होता. त्याला अडवू शकेल असा जगात एकच माणूस होता आणि तो फुप्फुसात पाणी झाल्यामुळे इस्पितळात पडला होता.

बसमध्ये वालुयोला सगळ्यांनी आग्रहाने पुढची जागा दिली, कारण तो आजाऱ्याचा सख्खा भाऊ. पुढच्या जागेखाली इंजिन होतं. बुडाखाली उकडत होतं, मांडीवर संत्र्यांची पिशवी होती, आणि मागे कोणीतरी आंब्याची कोय चोखत गाणं म्हणत होतं. दादाला नेमकं काय म्हणायचं, ते वालुयो मनात जुळवत होता. 'दादा, हेंद्रोला एक शब्द सांगा.' छे, हे फार उघडं झालं. 'दादा, तुम्ही बरे होईपर्यंत भिंत थांबवली तर?' म्हणजे दादा बरे होणार नाहीत अशी शंका आली. 'दादा, वडील म्हणायचे...' म्हणजे वडिलांना मध्ये ओढलं. प्रत्येक वाक्यात काही ना काही खोट निघत होती. इस्पितळ आलं तेव्हा त्याच्याकडे एकही धड वाक्य नव्हतं आणि विजार मात्र घामाने चिकटली होती.

दारावरचा पहारेकरी म्हणाला, एका वेळी दोघांनाच सोडेन.

"आम्ही एकाच घरचे आहोत," बू लास्त्री म्हणाली.

पहारेकऱ्याने तिच्या मागची अख्खी बस पाहिली. "एवढे सगळे?"

"मोठं घर आहे."

पहारेकरीही कुठल्यातरी गावचाच असणार. त्याने दुसरीकडे पाहिलं.

पार्तोयोच्या नाकात नळी होती आणि चेहरा टोपलीत राहून गेलेल्या पेरूसारखा झाला होता. गाव पलंगाभोवती उभं राहिलं. "रंग मात्र छान आलाय हं," असं सगळ्यांनी एकेकदा म्हटलं.

"माझ्या मेव्हण्याला अगदी हेच झालं होतं," पाक जुमारी म्हणाले.

"मग?" पार्तोयोने क्षीण आवाजात विचारलं.

"मग काय, गेला. पण त्याचा स्वभावच चिडका होता. तुमचं तसं नाही."

बऱ्याच वेळाने वालुयो उशाशी पोचला. दोन मिनिटं तर मिळाली, फक्त एकट्याने नव्हे. मागे सगळी बस उभी होती आणि कोणीही ऐकत नसल्याचं फार मन लावून दाखवत होतं.

"टेंपे कसं चाललंय?" दादाने विचारलं.

"चाललंय, दादा. टोपल्या जरा मोठ्या घेतल्यात. गाडी रुंद झालीय."

"हं."

"वाट आहे तोवर चालेल."

एवढं बोलून वालुयोला दम लागला. आयुष्यात दादासमोर इतकं उघडं तो कधी बोलला नव्हता. खोलीतल्या प्रत्येकाला समजलं. प्रत्येकजण सलाइनच्या बाटलीकडे पाहू लागला, जणू तिच्यातून आता काहीतरी निराळंच गळणार होतं.

पार्तोयोने डोळे मिटले. "कसाव्याच्या पिकाला पाऊस पुरला का?" त्याने विचारलं.

"पुरला, दादा."

मग डोळे न उघडताच, फक्त भावाला ऐकू जाईल अशा बेताने तो म्हणाला, "हेंद्रो चांगला मुलगा आहे. घरातली पुढची खोली त्याने मलाच ठेवलीय. पाहुण्याने फार बोलू नये रे."

त्या घराचे खांब जंगलातून आणताना दोघा भावांचे खांदे सोलून निघाले होते. दादा स्वतःला त्याच घरातला पाहुणा म्हणवत होता. वालुयोला वाटेचा क्षणभर विसर पडला. त्याने संत्रं सोलायला घेतलं, मग आठवलं की दादाला खाता येत नाही, म्हणून स्वतःच खाल्लं. आंबट होतं.

तेवढ्यात हेंद्रो आला. सगळ्यांसाठी थंड चहाच्या बाटल्या घेऊन आला, सगळ्यांना वाटल्या, आणि मग काकासमोर वाकून त्याचा हात आपल्या कपाळाला लावला. मुलगा खरोखरच चांगला होता. तीच तर अडचण होती. तो उद्धट असता तर गाव वालुयोच्या बाजूने केव्हाच उभं राहिलं असतं.

"काका, बरं झालं भेटलात. बाबा इथे अडकलेले. आता घरात वडीलधारे असे तुम्हीच. शनिवारी भिंतीची पहिली वीट तुमच्याच हातून ठेवायची, असं मी आणि बायकोने ठरवलंय. तुमच्या हाताला बरकत आहे."

गावाला गहिवरून आलं. "बघा हो, शहरात राहून आला तरी रीत विसरला नाही," बू लास्त्री म्हणाली आणि तिने डोळे पुसले. सगळ्यांनी वालुयोकडे पाहिलं. पलंगावर दादाने डोळे आणखी घट्ट मिटले.

"हो," वालुयो म्हणाला. "ठेवतो की."

समुद्रावर तुमिनी त्याच्यापासून हातभर अंतर ठेवून वाळूत बसली. पुढे पाण्याच्या कडेला बू लास्त्री लुगडं गुडघ्यापर्यंत धरून लाटांना घाबरण्याचा कार्यक्रम करत होती.

"नाही म्हणता येत नव्हतं?"

"चारचौघांत?"

"मग आता त्या चारचौघांनाच सांगा, रोज पहाटे टोपल्या भिंतीवरून फेका म्हणावं. आपली कबर आपल्याच हाताने खणणारे पाहिले होते. वर कोनशिला बसवणारे पहिल्यांदाच बघतेय."

"तू तरी बोलायचंस."

"दिराच्या उशाशी? मी?"

"मग झालं तर."

तुमिनीने तळलेल्या माशाचा पुडा त्याच्याकडे सरकवला. रागावली होती, पण मासा गरम होता. दोघांनी तो काट्यांसकट संपवला. त्यानंतर बू लास्त्रीला खारवलेल्या मासळीचा भाव पटेपर्यंत बस थांबून राहिली.

शनिवारी सकाळी अंगणात चटया पडल्या. पिवळ्या भाताचा डोंगर, अंडी, केळी, सगळं रीतसर होतं. गवंड्याने रस्त्याकडच्या टोकाला, चरीला लागून खुंटी ठोकली होती आणि मागच्या टोकाला हेंद्रोने ठोकलेल्या खुंटीपर्यंत दोरी ताणली होती. दोरी अगदी सरळ होती. सरकारी रेघेपेक्षाही सरळ, असं गवंडी म्हणाला. गावच्या मौलवींनी दुआ म्हटली. हेंद्रोने फुलांच्या पाण्याने धुतलेली वीट दोन्ही हातांनी काकाला दिली.

वीट वाटली होती त्याहून जड निघाली. वालुयो दोरीपाशी आला. इथे वाकायचं, ठेवायची, भात खायचा, की झालं. पुढचं सगळं गवंडी करणार होता. मग सोमवारपासून टोपल्या डोक्यावर, चरीतून आडवं होत. साठीला आलेल्या माणसाला आडवं व्हायला जमतं, फक्त पुन्हा सरळ व्हायला वेळ लागतो. आजवर तो कोणाला 'नाही' म्हणाला नव्हता आणि आजही म्हणायचा त्याचा विचार नव्हता. त्याने फक्त पाय उचलला, दोरी ओलांडली, दोन पावलं अंगणात आत चालला, म्हशीएवढं अंतर झालं असं वाटल्यावर गुडघे टेकले, "बिस्मिल्ला" म्हटलं आणि वीट जमिनीवर ठेवली.

"आमीन," मौलवी सवयीने म्हणाले. सवयीने सगळं गाव म्हणालं.

गवंड्याने दोरीकडे पाहिलं, विटेकडे पाहिलं. "पण खुंटी तर इकडे..."

"आधी पानं मांडा," बू लास्त्री म्हणाली. "भात निवतोय."

हेंद्रो पुढे आला. त्याचं तोंड उघडं होतं. "काका..."

"काय रे?"

वालुयो अजून गुडघ्यांवरच होता. वर बघताना उन्हाने त्याचे डोळे बारीक झाले होते. वडीलधाऱ्या माणसाला आपणच मान देऊन बोलावलं, त्याने दुआ म्हणून वीट ठेवली, अख्खं गाव आमीन म्हणालं. ती उचलून आता सरकवायची कोणी? अशी वीट हलवणाऱ्याचं घर टिकत नाही म्हणतात. खरं-खोटं आजवर कोणी तपासून पाहिलेलं नाही, आणि नव्या भिंतीवर पैसा घातलेल्या माणसाने तर ते तपासूच नये.

"काही नाही," हेंद्रो म्हणाला. "गुडघे दुखत असतील. हात द्या."

हात धरून त्याने काकाला उठवलं. काकानेही आभार मानले. भात चांगला झाला होता.

मात्र हेंद्रो कारखान्यात उगाच नव्हता राहिला. दुपारी पाहुणे गेल्यावर त्याने दोरीचं एक टोक काकाच्या विटेला बांधून घेतलं आणि दुसरं मागच्या खुंटीलाच ठेवलं. ती खुंटी त्याने स्वतः ठोकली होती, तिला कोणाचा आशीर्वाद नव्हता. काकाचा मान राहिला आणि रेघही बरीचशी राहिली. अशी ती भिंत तिरकी उभी राहिली. रस्त्याकडून पाहिलं तर म्हैस जाईल एवढी वाट. पुढे ती अरुंद होत जाते आणि वालुयोच्या दारापाशी पुन्हा कोंबडीची होते. मोटरसायकल निम्म्यापर्यंत आत येते. तिथून टोपल्या एकेक करून आणायच्या-न्यायच्या, आणि वळायला जागा नसल्यामुळे गाडी उलटी ढकलत रस्त्यावर काढायची. तुमिनी म्हणाली, अर्धी वाट मिळाली. वालुयो म्हणाला, हो. कमरेत उसण भरली होती, त्यामुळे त्याला जास्त बोलवत नव्हतं.

पार्तोयो घरी आला तेव्हा भिंतीला रंगही लागला होता. तो पुढच्या खोलीबाहेर बांबूच्या बाकावर शाल घेऊन बसायचा. एका सकाळी वालुयो दोन्ही हातांत टोपली धरून, आडवा होत, भिंतीच्या कडेने बाहेर आला आणि गाडीपाशी थांबून धापा टाकू लागला.

"वालुयो," दादाने भिंतीवरून हाक मारली. भिंत कमरेएवढीच होती. हेंद्रोने ती शेजारधर्माला धरून बुटकी ठेवली होती. "ही भिंत तिरकी आहे."

"हो, दादा."

"पहिली वीट तू ठेवलीस म्हणे."

"हेंद्रोने मान दिला."

पार्तोयोने भिंतीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश नजर फिरवली. सून आत भांडी घासत होती, त्या आवाजाचा त्याने अंदाज घेतला. मग तो पुढे झुकला.

"गाढवा," तो म्हणाला, "ठेवायचीच होती तर आणखी हातभर आत ठेवायचीस. कोण काय म्हणणार होतं तुला?"

वालुयोने टोपली गाडीला अडकवली, दोरी आवळली. "खरंय, दादा," तो म्हणाला, आणि दुसरी टोपली आणायला आडवा होऊन आत गेला.