नाव मागणारी

सुकन्या बाळंतपण उरकून लातूरहून लोह्याजवळच्या सासरी आली आणि घराची झोपच उडाली. तान्ही पोरगी रडायची. पोरं रडतात तशी नव्हे. हाका मारून मारून माणसाचा घसा बसावा, तशी. नांदेडच्या डॉक्टरनं पोट दाबून पाहिलं, थेंब लिहून दिले आणि म्हणाला, काही झालेलं नाही. काही झालेलं नाही म्हणे! एक रात्र सांभाळून दाखव म्हणावं, असं तिच्या सासूच्या, सरजाबाईच्या, अगदी ओठावर आलं होतं.

नाव तर ठेवून झालं होतं. शिवन्या. मोबाईलमधून काढलेलं. गल्लीत आणखी दोन शिवन्या होत्या, आणि पोरांत तर शिवांशांचा नुसता सुळसुळाट. "अर्थ काय गं त्याचा?" असं सरजाबाईनं विचारलं, तेव्हा सुनेनं पुन्हा मोबाईलच हातात घेतला होता.

शेजारची सिद्धम्मा देगलूरकडची, तोंडाची फटकळ. ती पोरीकडं बघून म्हणाली, "अय्यो, डाक्टराला डोंबल कळतंय! पोरगी नाव मागून राहिली. तुमच्यातलं गेलेलं कुणीतरी परत आलंय. त्याचं नाव घ्या, गप होती का न्हाई बघा."

ही रीत सरजाबाईला ठाऊक होती. मूल मांडीवर घ्यायचं, देव्हाऱ्यापुढं बसायचं आणि घरातल्या मेलेल्या माणसांची नावं एकेक करून त्याच्या कानात घ्यायची. ज्या नावाला मूल गप्प होईल, ते माणूस परत आलं. जित्या माणसाचं नाव मात्र चुकूनही घ्यायचं नाही.

दुपारी सगळे देव्हाऱ्यापुढं जमले. सरजाबाई नावं घेत गेली. सोनाबाई. भागीरथा. गोदाक्का. पोरगी आणखीच ताणून रडायची. आता ही नावं कुणी शेळीला तरी ठेवील का! चुलतसासवा झाल्या, आतेसासवा झाल्या, पोरगी काही ऐकेना.

"आई," सरजाबाईचा मुलगा बालाजी म्हणाला, "आजीचं राहिलं की."

राहिलं नव्हतं, सरजाबाईनं ते मुद्दाम गाळलं होतं.

सासूचं नाव कस्तुराबाई. कस्तुरी कुठंही ठेवा, तिचा वास लपत नाही. लेकीचं नावही तसंच दरवळावं म्हणून एकेकाळी लोक हौसेनं कस्तुरा ठेवायचे. विहिरीवर हाक मारली तर तिघीचौघी वळून बघायच्या. मग म्हाताऱ्या एकेक करून गेल्या आणि नावही गेलं. या घरातली शेवटची कस्तुरा म्हणजे सरजाबाईची स्वतःची लेक. ती स्वतःच्या मनानं लग्न करून निघून गेली, त्याला बरीच वर्षं झाली. सरजाबाईचा नवरा नरसिंग तेव्हा दारात उभा राहून बोलला होता, "आमच्यासाठी मेली ती." तेव्हापासून फोन नाही, सांगावा नाही. सरजाबाईनं मात्र लेकीला कधी मेली म्हटलं नाही. कुठं का असेना, जित्ती आहे, एवढ्यावरच तिचे दिवस निघत होते. आणि आता तेच नाव मेलेल्यांच्या पंगतीला बसवायचं?

"घे की," नरसिंग खेकसला. "माझ्या मायचं नाव घ्यायला तुझी जीभ झडती का?"

तेवढ्यात रडता रडता पोरीचा श्वास अडकला. ओठ निळे पडायला लागले. सुकन्यानं सासूचे पाय धरले. "आत्या, घ्या हो. माझं लेकरू जाईल."

सरजाबाई वाकली आणि पोरीच्या कानात म्हणाली, "कस्तुरा."

पोरगी गप्प झाली. एक उचकी दिली, डोळे उघडले आणि सरजाबाईकडं टक लावून बघत राहिली.

घरात आनंदीआनंद झाला. "आजी आली!" बालाजी ओरडला. नरसिंग तर उपरण्यानं डोळे पुसायला लागला. सरजाबाईला मात्र वेगळंच आठवलं. तिची लेकही तान्ही असताना अशीच रडायची, आणि याच नावाला गप्प झाली होती. म्हणून तर तिचं नाव कस्तुरा ठेवलं होतं. पुरुषमाणसाला कुठलं हे ध्यानात राहायला! म्हातारीनं आपलं नाव तेव्हाच मागून घेतलं होतं. मग आता हे मागायला कोण आलं?

तिनं पोरीच्या मांडीला कचकन चिमटा काढला.

पोरीनं टाहो फोडला. "रडली!" सरजाबाई हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "बघा, रडली! हे न्हाई तिचं नाव. शिवन्याच म्हणा, लई गोड नाव हाय!"

"येड लागलं का आत्या तुमाला?" सुकन्यानं लेकरू हिसकावून घेतलं, छातीशी धरलं आणि थोपटायला लागली. "उगी, माय माझी. उगी, कस्तुरा, उगी."

पोरगी गप्प झाली.

सरजाबाई उठली. न्हाणीत गेली आणि अंगावरच्या लुगड्यासकट डोक्यावरून गार पाणी घ्यायला लागली, तांब्यामागून तांब्या. नरसिंग दाराशी आला. "भर दुपारी आंघोळ कशाची करून राहिलीस?"

तिनं भरलेला तांब्या त्याच्यापुढं धरला.

"तुमी बी करा, मालक," ती म्हणाली. "लेक आता मेली."