हेमा बैठक

लेक हेमा आजारी पडली तेव्हा गोपाळकृष्ण आठल्यांनी ती पंपाची बैठक बनवली. कर्वेनगरला तळमजल्यावर त्यांचं घर, आणि सोसायटीचा पाण्याचा पंप बरोबर लेकीच्या खोलीमागे. औषधांनी आधीच तिची झोप उडालेली; जरा डोळा लागला की पंप सुरू व्हायचा आणि भिंत थरथरायची. आठल्ये पंपांच्याच कंपनीत इंजिनिअर. सुट्टीच्या दिवशी खटपट करून त्यांनी पंपाखाली रबर आणि स्प्रिंगची अशी जोडणी बसवली, की पंप चालू आहे हे हात लावल्याशिवाय कळेना. हेमा झोपू लागली. पावसाळा सरता सरता ती गेली.

पुढे साहेबांनी फारच आग्रह धरला म्हणून आठल्यांनी ती कल्पना कंपनीच्या पेटंट समितीपुढे ठेवली. शोधाचं नाव मात्र त्यांनी स्वतःच दिलं: हेमा बैठक.

समितीने चाळणी लावली. या कामातल्या कुणालाही सहज सुचेल असं आहे का? नाही. धंद्याला उपयोगी? नक्कीच. दुसऱ्याने उचललं तर पकडता येईल? येईल. आधी कुठे जाहीर झालं असेल तर पेटंट मिळत नाही; तेवढंच पाहायचं राहिलं होतं. ते काम नीरजा मोडककडे होतं.

मीटिंगच्या आधी नीरजा त्यांच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसली.

"आठल्ये सर, चारचौघांत कळण्याआधी मीच सांगते. हे आधी जाहीर झालंय."

"कुठल्या कंपनीने केलं?"

"कंपनीने नाही." ती अडखळली. "हेमाने. तिच्या कॉलेजच्या मुलांचा एक चॅनल आहे, त्यावर तिने व्हिडिओ टाकला होता. तुम्हाला माहीत नव्हतं?"

आठल्यांनी नकारार्थी मान हलवली. मग त्यांनी विचारलं, "बोलते त्यात?"

"बोलते."

नीरजाने फोन पुढे धरला. डोक्याला रुमाल बांधलेली हेमा पंपापाशी उकिडवी बसली होती. "हे आमच्या बाबांनी केलंय. त्यांना सांगू नका हं, लाजतील." मग कुठे रबर, कुठे स्प्रिंग, सगळं तिने बोट ठेवून दाखवलं. मध्येच थांबून थेट आठल्यांच्या सुरात म्हणाली, "लक्षात आलं का?" आणि स्वतःच हसली.

"हा काढून टाकला तर?" आठल्यांनी विचारलं.

"उपयोग नाही, सर. एकदा लोकांपुढे आलं ते आलं."

"तसं नाही. कंपनी हा काढायला तर लावणार नाही ना?"

नीरजाचे डोळे भरले. "नाही लावणार."

समितीने नकार दिला. बैठक आपल्या पंपांना बसवायची, पेटंट घ्यायचं नाही, असं ठरलं.

घरी श्यामलाताई भाजी निवडत होत्या. हेमा गेल्यापासून त्यांनी लेकीचे फोटोसुद्धा कपाटात ठेवले होते.

"काय म्हणाले?"

"नाही म्हणाले. आधीच जाहीर झालंय."

"कुणी केलं?"

"हेमाने."

श्यामलाताईंनी मान वर केली. आठल्यांनी व्हिडिओ लावून फोन त्यांच्या हातात दिला. पहिलं वाक्य ऐकताच त्या उठल्या, फोन घेऊन हेमाच्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं.

आतून हेमाचा आवाज येत राहिला. हसण्यापर्यंत यायचा, तुटायचा, पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. आठल्ये दाराबाहेर उभे राहिले. दार वाजवायला त्यांचा हात झाला नाही.