ध्रुवच्या मागचा आवाज

सोमवारी सकाळी लिलाबाईंनी चहा पुढ्यात ठेवला, तेव्हा त्यांचा मुलगा प्रसेनजित मोबाइलमधली एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत बसला होता.

‘ध्रुवला राग येणारच. तो कोणत्या वस्तीतून बोलतो, ते काल कळलं.’

ओळीखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली होती आणि रांगेच्या शेपटाला आणखी कुणी तरी लिहिले होते, ‘तेव्हा दगड फोडायलाही आरक्षण होतं का, विचारा त्याला.’

“चहा निवून राह्यला,” लिलाबाई म्हणाल्या. “येवढं काय वाचून राह्यला? नोकरीचं आलं का काई?”

“काई नाई, माय.”

ध्रुव म्हणजे तोच. ‘दूरतारा’ या शनिवारी रात्री लागणाऱ्या विज्ञानमालिकेच्या चाहत्यांचा एक गट होता, आणि तो त्याच्या मित्राने, कामरगावच्याच पवनने जमवला होता. काळाच्या आरपार जाणारे यान, त्यातले प्रवासी आणि दर भागात एक नवे युग, अशी ती मालिका. रविवारी सांजवेळी नाशिकपासून चंद्रपूरपर्यंतचे लोक आपापल्या फोनवरून जणू एका अदृश्य ओट्यावर येऊन बसत आणि आदल्या रात्रीच्या भागावर बोलत. नियम एकच होता: प्रत्येकाने आकाशातले नाव घ्यायचे. पवन धूमकेतू झाला, प्रसेनजितने ध्रुव निवडले. मराठी घेऊन एम.ए. झालेल्या आणि नोकरी लागेतो शिकवण्या घेणाऱ्या या मुलाला त्या ओट्याची अनावर ओढ होती. ज्या मुलखात पाण्याच्या पेल्याआधी आडनाव पुढे येते, तिथे हा एकच ओटा असा होता, जिथे माणूस आधी त्याचे वाक्य असे आणि मग कुणाचा तरी मुलगा.

ध्रुव कोण, हे साऱ्या गटात एकट्या पवनला ठाऊक होते. म्हणून ओळ लिहिणाऱ्याचे नाव अग्निबाण असले, तरी ती वाचताना प्रसेनजितच्या डोळ्यांपुढे पवनचा चेहरा येत होता.

भांडण पेटले होते ‘आदिम’ नावाच्या भागावरून. यान दोन हजार वर्षे मागे जाऊन वऱ्हाडातल्या एका डोंगरापाशी उतरते. तिथे लेणे कोरणारी माणसे असतात; तोंडांना काजळी, अंगावर चिंध्या आणि बोलायला भाषा म्हणून नाही, नुसते घशातले हुंकार. प्रवासी एक किरण सोडतात, कातळ लोण्यासारखा कापला जातो आणि ती माणसे भुईला कपाळ टेकतात. चाहत्यांना भाग बेहद्द आवडला. “लेणी कुणी खोदली याचा उलगडा झाला एकदाचा,” असे एक जण म्हणाला. दुसऱ्याने त्या हुंकारांची नक्कल केली आणि सगळा ओटा खिदळला.

तेव्हा प्रसेनजित बोलला होता. “त्यांना भाषा होती. छिन्नी धरलेल्या हाताला शेजारच्या हाताशी बोलावंच लागतं. खांब कुठे राखायचा, कातळ कुठे सोडायचा, हे हुंकारांनी ठरत नाही. त्यांचे हात तुम्ही काढून घेतलेत, निदान जीभ तरी राहू द्या.” तो बराच वेळ बोलला. दिवस मावळत होता आणि शब्द आपणहून येत होते. त्या रात्री तो बऱ्याच दिवसांनी समाधानाने झोपला.

आणि सकाळी ही ओळ.

दिवसभर तो पवनबरोबरच्या साऱ्या वर्षांचे पुनर्वाचन करीत राहिला. कवितेत त्याने हेच शिकले होते: ओळ साधी दिसली की थांबायचे, खाली काय गाडले आहे ते पाहायचे. पवनच्या मळ्यात गेले की आवडाबाई, पवनची आई, त्याला अंगणातल्या लिंबाखाली चहा देत. आजवर त्याने ती लिंबाची सावली मानली होती; आज ते उंबऱ्यापासूनचे अंतर वाटू लागले. त्याचा पेला स्टीलचा असे. पवनचाही स्टीलचाच असे की कपबशी असे? आठवेना, आणि न आठवणे हाच पुरावा होऊन बसला. शिवाय ती तांबडी रेघ! रविवारी प्रसेनजित रंगात आला, की कित्येकदा त्याच्या नावावर तांबडी रेघ उमटे आणि त्याचा आवाज बंद होई. रेघ ओढण्याची कळ पवनच्या हाती होती. “रेंज गेली असन बे,” असे तो मागाहून सांगे, आणि प्रसेनजितने ते निमूट मानलेही होते. कावीळ झालेल्याला चांदणेही पिवळे दिसते, हे त्याला कळत होते. पण कळल्याने कावीळ उतरत नाही.

मंगळवारी ऊन कलल्यावर तो मळ्यात गेला. पवन बांधाशी बसून सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, ओल्या, हिरव्या जुड्या बांधत होता.

“या, ध्रुवमहाराज!” पवन म्हणाला. “तोंड कायले पाडलं? बस. माय चहा टाकून राह्यली.”

“चहा नोको. कोनाले सांगतलं तू?”

“काय?”

“माहं नाव. माही वस्ती. अग्निबाणाले कोनं सांगतलं? गटात मले वयखनारा तू एकटा.”

जुडी बांधणारे हात थांबले. “म्या सांगतलं म्हनतं तू?”

“म्हनत नाई. इचारून राह्यलो.”

“असं इचारतेत का बे? तू तं घरूनच निकाल लावून आला.”

“मंग माह्या आवाजावर रेघ कोन मारते? मी बोलाले लागलो का बंद! रेंज म्हने. माहं बोलनं खुपते, तं तोंडावर सांग ना.”

पवनने जुडी पाटीत टाकली. त्याच्या कानशिलांवर रक्त चढले होते. “एम्मे झाला तू लेका, दुनियेच्या कविता पाठ करतं. सोताचा आवाज कधी आयकला का?”

“म्हनजे?”

“रविवारचं रेकॉर्डिंग गटात पडेल हाय. जाय, घरी बसून आयक. मंग ये माह्यावर वरडाले.”

आवडाबाई चहा घेऊन येताना दिसल्या. प्रसेनजितने त्यांच्या हातातल्या पेल्यांकडे पाहायचे टाळले आणि पाठ फिरवली.

“अरे पोरा, चहा तं पिऊन जाय!” त्या मागून ओरडल्या. तो थांबला नाही.

घरी येऊन त्याने रेकॉर्डिंग लावले, ते पवनला पकडण्यासाठीच. बोलण्याच्या ओघात त्याच्या तोंडून कुठे तरी नाव निसटले असणार. लिलाबाई शेजारी सुपात तूर पाखडत होत्या. मोबाइलमधून हुंकारांची नक्कल आली, हशा आला आणि मग त्याचा स्वतःचा आवाज आला, त्याला वाटला होता त्याहून कोवळा. ‘त्यांना भाषा होती...’

तो पुढच्या वाक्याची वाट पाहत होता, तोच वाक्याच्या पाठीमागून आणखी एक आवाज वर येऊ लागला. आधी खरखर, मग संथ, एका लयीत चालणारे शब्द. ते शब्द त्याच्या बोलण्याच्या फटींतून वाहत होते, आणि तो श्वास घ्यायला थांबला की सगळी जागा व्यापत होते.

सूप थांबले. “अवं बाई! हे तं आपल्या विहारातली वंदना!” लिलाबाई म्हणाल्या. “मोबाइलात कशी आली? तुह्या बाबानं लावलेली ना हे?”

एसटीतून निवृत्त झाल्यापासून त्याचे वडील देवमन रोज दिवेलागणीला विहार उघडत, उदबत्ती लावत आणि भोंगा सुरू करत. खिडकीपासून विहार हाकेच्या अंतरावर होता. पाळण्यात असल्यापासून प्रसेनजितच्या कानांवर ती वंदना पडत होती. आपल्या घराचा वास आपल्या नाकाला येत नाही, तशी ती त्याला ऐकू येईनाशी झाली होती. त्यांना भाषा होती, असे तो तावातावाने सांगत होता आणि त्याच्या पाठीशी, उघड्या खिडकीतून, एक प्राचीन भाषा संथपणे बोलत होती. साऱ्या ओट्याने ती ऐकली. एकट्या त्याने ऐकली नाही.

मग त्याने जुनी रेकॉर्डिंग काढली. एकामागून एक. प्रत्येकात तेच: भोंग्याची पहिली खरखर उमटते न उमटते, तोच ध्रुवचा आवाज कापलेला. वंदना कधी पुढे आलीच नव्हती. म्हणजे पवनने सांगितले नव्हते. पण पवनला ठाऊक होते, इतके दिवस. आणि तो गुपचूप झाकत होता. मित्राला झाकत होता, की त्या आवाजाला? संशय मेला नव्हता. त्याने फक्त कूस बदलली होती.

संध्याकाळी विहार बंद करून देवमन आले आणि घराच्या ओट्यावर टेकले. “तुह्या मायनं सांगतलं. माह्या भोंग्यानं तुही अडचन झाली म्हने.”

“अडचन नाई, बाबा.”

“रविवारी जरा उशिरा लावतो. नाईतं आवाज कमी करतो. कोनाले समजनार बी नाई.”

कुणाला समजणार नाही. बापाने किती सहजपणे म्हटले ते! आयुष्यभर गाडीत, डेपोत, भाड्याच्या खोल्या पाहताना हे वाक्य त्यांनी किती ठिकाणी वापरले असेल, कोण जाणे. प्रसेनजितने मान हलवली. “नोको. हाय तसाच राहू द्या.”

शुक्रवारी पवन थांब्यावर वांग्यांची कॅरेट जीपवर चढवताना त्याला गाठ पडला.

“आयकलं म्या,” प्रसेनजित म्हणाला.

“मंग?”

“पयले काहून नाई सांगतलं?”

“काय सांगू? का बाबू, तुह्या घरचा आवाज येते, खिडकी लाव म्हनू? बरं दिसलं असतं?” पवनने घाम पुसला. “त्या दिवशी थ्री फेज लाइन आली म्हनून मोटार चालू कराले पयालो. फोन बांधाच्या धुऱ्यावर राह्यला. तेवढ्यात झालं. नाईतं रेघ मारलीच असती. तुह्यासाठीच मारत होतो बे. कसे लोक हायेत थे, मालूम नाई का तुले?”

“माह्यासाठी.”

“हो ना.”

“मंग त्या अग्निबाणावर काहून नाई मारली कधी? कळ तं तुह्याच हाती होती. बंद कराचं होतं तं थोच होता ना समोर.”

पवनने हातातले कॅरेट जीपमध्ये सरकवले. जीपवाल्याने हॉर्न वाजवला. “थे माह्या ध्यानातच नाई आलं,” तो म्हणाला.

ते खरे होते की सोयीचे, हे त्याच्या चेहऱ्यावरून प्रसेनजितला वाचता आले नाही. “या रविवारी रेघ नोको मारू,” एवढेच तो म्हणाला.

“अन् थो पुन्हा बोलला तं?”

“बोलू दे. तू काय करतं, थे पाहाचं हाय मले.”

रविवारी त्याने खिडकी सताड उघडली आणि फोन चौकटीवर ठेवला. ओटा भरलेला होता. पाळी आल्यावर तो म्हणाला, “मी ध्रुव. माझं नाव प्रसेनजित. मागच्या रविवारी माझ्यामागे जे ऐकलंत, ते आमच्या विहारातलं होतं. आजही लागेल. ती पाली भाषा आहे. लेणी कोरणाऱ्यांच्या जिभेवर तिच्याच घराण्यातली बोली असणार. तेवढं ऐकून मग त्यांचे हुंकार काढा.”

“हा मालिकेचा गट आहे,” अग्निबाण म्हणाला. “प्रवचन नकोय. धूमकेतू, बंद करा याला.”

“थोडा वेळ बोलू द्या हो त्याला,” एक बाई म्हणाली. कुणी तरी हसले. धूमकेतू काही बोलला नाही.

तेवढ्यात खरखर झाली आणि वंदना सुरू झाली. प्रसेनजितचे डोळे स्वतःच्या नावावर खिळले होते. आत्ता उमटेल रेघ, आत्ता. शब्द एकामागून एक खिडकीतून आत येत होते आणि एकेक जण निघून जात होता तशी पडद्यावरची नावे मावळत होती. रेघ उमटली नाही. पण त्याने काय सिद्ध होते? फोन आजही धुऱ्यावर पडलेला असेल आणि पवन मोटारीपाशी असेल. गप्प राहणाऱ्या माणसाला गैरहजर म्हणायचे की भागीदार, हे ठरवणे त्याला असह्य होऊ लागले.

“धूमकेतू, झोपलात का?” अग्निबाण ओरडला. “बंद करा ना तो आवाज!”

धूमकेतूचे नाव उजळले. आधी वारा ऐकू आला, मग पाटात पडणारे पाणी. मग त्या पाण्यावरून, शेतांवरून, प्रसेनजितच्या खिडकीतल्या आवाजाच्या अर्धा श्वास मागे राहून, तीच वंदना आली.

“हे काय, तुमच्याकडेपण?” अग्निबाणाचा आवाज चिरकला. “तुम्ही कोणत्या वस्तीत राहता?”

“कामरगाव,” पवन म्हणाला. “शेत-मया गावाबाहेर हाय आमचा. भोंगा एकच हाय साहेब, साऱ्याइले आयकू येते. तुमाले नसन आयकाचं, तं तुमी उठा.”

मागे आवडाबाई कुणाला तरी विचारत होत्या, थो प्रसेनजित अजून रुसेलच हाय का. पवनने फोन बंद केला नाही. प्रसेनजित चौकटीला टेकून उभा राहिला आणि रोजची ती वंदना मित्राच्या फोनमधून, थोडी उशिरा, शब्दन् शब्द ऐकू लागला.