आमच्या गावात कोणी खेळत नाही

मित्रांनो, शाळेच्या कोपऱ्यातल्या त्या खोलीत आम्ही एकूण अकरा जण होतो. दोन हॉलीबॉल, त्यांपैकी एकातच हवा, एक नेट, तीन लेझीम, जोडीदार हरवलेले एक डंबेल, एक शिट्टी, उड्या मारायची एक दोरी, पहिले वीस सेंटिमीटर तुटलेली एक टेप, आणि मी. मी एक जुना लोखंडी गोळा आहे, गोळाफेकीतला. वजन चार किलो, व्यास एकशे दोन मिलिमीटर. हे आकडे माझ्या जन्माच्या वेळचे आहेत. आता त्यांत थोडा फरक पडला आहे, तो पुढे सांगतो.

माझा जन्म जालंधरच्या एका कारखान्यात झाला. वितळलेले लोखंड साच्यात ओतले, थंड झाल्यावर मला लेथवर फिरवून गुळगुळीत केले आणि काट्यावर ठेवले. मी थोडा कमी भरलो. तेव्हा कारागिराने माझ्या पोटात एक लहान भोक पाडले आणि त्यात शिसे ओतून ते बुजवले. शिसे लोखंडापेक्षा जड असते, त्यामुळे तेवढ्याच जागेत वजन वाढते. काटा चारवर स्थिर झाला. माझ्या पोटात शिसे आहे ते एवढ्याचसाठी. बाकी माझ्या पोटात काही नाही.

तिथून मी बुलढाण्याच्या एका दुकानात आलो आणि दुकानातून एसटीने रोहिणखेडच्या अलीकडच्या आमच्या गावी. वळण आले की मी सीटखालून घरंगळत पुढे जायचो आणि चढ लागला की मागे यायचो. एका आजोबांनी शेवटी मला दोन्ही पायांत धरून ठेवले.

शाळेत इंद्रभान सर खेळ शिकवायचे. मुली मला दोन्ही हातांनी उचलून चेंडूसारखे भिरकावायला बघत, तेव्हा सर म्हणत, "गोळा फेकायचा नसतो बाई, ढकलायचा असतो. मानेजवळ धर, अन् आभाळाले धक्का दे." मग ते तुटकी टेप लावून माप घेत आणि न विसरता त्यातून वीस वजा करत. हवेत मी जेमतेम एक सेकंद असायचो. त्या एका सेकंदात मला कोणी धरलेले नसे, खाली काही नसे, आणि खालच्या मुली सगळ्या वर बघत असत. पुष्पांजली नावाची मुलगी जिल्ह्याच्या स्पर्धेत दुसरी आली. खरे सांगायचे तर त्या दिवशी तिने ढकललेला गोळा मी नव्हतो, तो तिथला होता. पण परत आल्यावर तिने पदकाची लाल फीत माझ्यावर ठेवली आणि सरांना म्हणाली, "यालेच शोभते."

पुढे वरचे वर्ग रोहिणखेडच्या शाळेत गेले, सरांची बदली झाली आणि आमच्या खोलीत पोषण आहाराचा तांदूळ आला. मी शाळेत खिचडी शिजवणाऱ्या जनकाबाईंच्या घरी गेलो. त्यांच्या बकरीला डाळीच्या डब्याचे झाकण उघडता येत असे. मला त्या झाकणावर ठेवले. बकरीने मला ढुसण्या देऊन पाहिल्या, मग तिने नाद सोडला. हेही कामच होते आणि मी ते चोख केले. पण मित्रांनो, सहा वर्षांत मी एकदाही हवेत गेलो नाही. पावसाळ्यात अंगावर गंज चढायचा, उन्हाळ्यात त्याचे पोपडे पडायचे.

मग एका सकाळी वंदना ताक मागायला आली. पुंजाजींची ही मुलगी विशीतली, पोलीस भरतीची तयारी करणारी. तिने मला पाहिले आणि ताक विसरली.

"काकू, हा गोळा हाय ना?"

"हाव, गोलच हाय. काऊन?"

"तसा नाही. ढकलायचा गोळा. भरतीत असाच असते. मी महिनाभर धोंड्यावर सराव करून राह्यली."

जनकाबाईंनी मला वरखाली न्याहाळले. "घेऊन जाय मंग. पण बकरीचं काय?"

"बकरीले माहा धोंडा देते."

अशी आमची अदलाबदल झाली. वंदनाने मला विटेच्या तुकड्याने घासले, तेल लावले आणि किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवले. तीन किलो नऊशे सत्तर ग्रॅम. तीस ग्रॅम गंजात गेले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे मी पुन्हा हवेत होतो.

गावाला एकच मैदान आहे, शाळेमागचे. वंदना तिथे धावायची आणि मला ढकलायची. त्याच महिन्यात ग्रामसभा भरली, वंदना मला घेऊनच तिथे गेली आणि सरपंच शेखरभाऊंनी मैदानावर सिमेंटचा मोठा ओटा घालायचे सुचवले. सोयाबीन रस्त्यावर वाळत घालावे लागते, वरून गाड्या जातात, हे त्यांचे म्हणणे खरेच होते.

"मैदानावर खेळते कोण?" ते म्हणाले. "पोरं सारी मोबाइलवर. मी जातो तवा मले दोन म्हशी अन् एक गोळा दिसते."

लोक हसले. वंदना हसली नाही. मैदान गेले तर तिला सरावाला मोताळ्याला जावे लागणार होते, आणि पुंजाजींनी आधीच सांगून ठेवले होते, "अंधारात एकटीनं एसटीनं जाऊन धावायची गरज नाही. मैदान हाय तवरक तयारी कर."

त्या सभेला बुलढाण्याहून समता आली होती. तिने संख्याशास्त्रात पदवी घेतली होती आणि देशात किती माणसे खेळतात, व्यायाम करतात याच्या एका पाहणीसाठी ती गावोगाव फिरत होती. तिने उभे राहून सांगितले की देशभरातून चिठ्ठ्या काढल्यासारखी गावे निवडली आहेत आणि त्यांत आमचे एक आहे. "तुमच्या एका माणसाच्या उत्तरावरून हजारो माणसांचा अंदाज काढणार आहेत. म्हणून नीट सांगा."

"चांगलं झालं," शेखरभाऊ म्हणाले. "ताई, तुम्ही मोजाच. शंभर निघाले त मैदानाले हात लावत नाही. नाही निघाले त ओटा."

समताने वरिष्ठांना फोन करून विचारले आणि मग म्हणाली, "नावं सांगता येणार नाहीत. गावाची एकूण संख्या सांगू शकते."

ती घरोघर फिरली. शेवटचे घर वंदनाचे होते. वंदना नुकतीच मैदानावरून आली होती, घामाने निथळत होती आणि मी तिच्या पायाशी पडलो होतो.

"काका, तुमच्या घरात कोणी खेळतं का?" समताने विचारले.

"नाही जी," पुंजाजी म्हणाले. "लेकीची भरतीची तयारी चालू हाय. खेळायले टाइम कुठी?"

"तुम्ही स्वतः?"

"मी? ह्या वयात? संध्याकाळी आम्ही आठ-दहा जण हॉलीबॉल करतो, पण ते त टाइमपास."

समताने वंदनाकडे पाहिले. वंदनाचा चेहरा पडला होता. "किती झाले ताई, गावात?"

"एकतीस."

"मैदान पाहिजे म्हणून मी खोटं नाही सांगणार," वंदना म्हणाली. "मीही खेळत नाही. भरतीचं खेळ थोडीच असते?"

समताने टॅबवर 'नाही' दाबले, निघायला वळली आणि तिच्या पायाचा अंगठा माझ्यावर आपटला. मित्रांनो, मी जागचा हललो नव्हतो. ती खाटेवर बसली, अंगठा दाबून धरला आणि माझ्याकडे बोट केले.

"हा काय आहे?"

"गोळा."

"कशाला?"

"ढकलायले."

"रोज ढकलतेस?"

"सकाळी पंचवीस, संध्याकाळी पंचवीस."

"आणि खेळत नाहीस."

"नाही," वंदना म्हणाली, आणि मग तिने माझ्याकडे पाहिले.

समताने टॅब पुन्हा उघडला. "चूक तुमची नाही, माझी आहे. खरा प्रश्न लांबलचक आहे. लोक कंटाळतात म्हणून पहिल्या घरापासूनच मी तो छोटा केला, 'खेळता का' एवढाच. आता जसा आहे तसा वाचते. गेल्या बारा महिन्यांत आनंदासाठी, तब्येतीसाठी किंवा स्पर्धेसाठी, कामाचा भाग नसलेली, शरीराच्या हालचालीची कोणतीही गोष्ट तुम्ही केली का?"

पुंजाजींनी टोपी काढून डोके खाजवले. "हे त तुम्ही वेगळंच इचारून राह्यल्या. असं असन त आमी दोघंही करतो."

समता लंगडत दुसऱ्या फेरीला निघाली, पहिल्या घरापासून. जी माणसे घरी भेटली नव्हती, ती तिला संध्याकाळी मैदानावर भेटली. तिथे वंदना मला घेऊन आलेली असे, म्हणून ते मी ऐकले. जनकाबाई दहा बायांना मागे घेऊन मैदानाच्या कडेने झपझप चालत होत्या. समता त्यांच्या बरोबरीने चालू लागली. प्रश्न ऐकून जनकाबाई म्हणाल्या, "वावरात दिवसभर वाकतो, ते धरतं का?"

"नाही काकू. ते काम."

"पाण्याच्या घागरी?"

"तेही काम."

"मंग आमच्यात धरण्यासारखं काही नाहीच म्हणा ना."

"आत्ता काय करताय?"

"ह्या चकरा? हे त साखरेचं औषध हाय. डॉक्टरनं सांगतलं."

"हे धरतं."

जनकाबाईंचा वेग कमी झाला नाही, पण मान वळली. "खरं सांगतं का? मंग ह्या मागच्या साऱ्या बाया धर ना माय."

"प्रत्येकीला वेगळं विचारावं लागेल."

"इचार. पण चालता चालता इचार, आमचं औषध चुकते."

त्या फेरीत पंचमीचे झोके निघाले, भुलाबाईच्या फुगड्या निघाल्या, विहिरीत पोहणारे निघाले, आणि "लेकरांचं काय धरता" म्हणून मोठ्यांनी वगळलेली खोखोवाली लेकरेही निघाली.

पुन्हा सभा भरली, ती मैदानावरच. समताने वर्षभराचा आकडा सांगितला तेव्हा टाळ्या पडल्या. शेखरभाऊंनी हात वर केला.

"थांबा. वर्सातून एक डाव झोका घेतला त त्याले मैदान काऊन पाहिजे?"

प्रश्न रास्त होता. वंदनाने मला मांडीवर घट्ट धरले.

"हा प्रश्न पाहणीतही आहे," समता म्हणाली. "दर आठवड्याला किमान एकदा करणारे किती, ते मी वेगळं मोजलंय. तेच धरायचं का?"

"तेच धरा. शंभरची गोष्ट कायम. अन् मले धरलं काय त्याच्यात?"

"रविवारच्या हॉलीबॉलमध्ये कोण असतं भाऊ?" मागून पुंजाजी म्हणाले. "सर्व्हिस दरखेप नेटात कोण मारते?"

सगळी सभा हसली. शेखरभाऊही हसले. "म्हणजे मी माह्याच इरोधात मोजल्या गेलो. वाचा ताई."

मित्रांनो, समताने वाचलेले आकडे सांगण्याआधी माझे एक मागणे ऐका. तुमच्या शाळेच्या एखाद्या बंद खोलीत माझा कोणी भाऊ पडला असेल, तर त्याला बाहेर काढा, घासून थोडे तेल लावा आणि एकदा तरी आभाळाला धक्का द्या. त्याला एक सेकंद पुरतो. आणि उद्या तुम्हाला कोणी विचारले, की तुमच्या घरात कोणी खेळते का, तर लगेच 'नाही' म्हणू नका. आधी आईला विचारा, आजीला विचारा, बाबा संध्याकाळी कुठे जातात ते पाहा. मग सांगा.

आकडे असे होते. घरे ९६. सहा वर्षांवरील माणसे ४०८. वर्षातून एकदा तरी खेळणारी २३७. दर आठवड्याला खेळणारी १०४.