पांढऱ्या शर्टातला माणूस

मनाली एकदा बोलायला लागली की थांबत नाही, हे टेमघरच्या शाळेत आता शिपायापासून सगळ्यांना माहीत झालं होतं. आठवीपर्यंत हीच मुलगी हजेरी देताना खाली बघायची. वीटभट्टीवरची पोर, तोंडात 'हाय' नि 'न्हाय', वर्ग हसेल ही धास्ती. मग नववीत वक्तृत्व स्पर्धेला कुणीच उभं राहीना, म्हणून मॅडमनी तिला पुढे ढकललं, आणि मनालीबाई तालुक्यात पहिल्या आल्या. त्या दिवसापासून तिला पंखच फुटले. भाजीवालीकडे कोथिंबिरीची काडी जास्त मागतानासुद्धा ती हात वर करून सभेला उभं राहिल्यासारखी उभी राहायची.

त्यामुळे शाळेच्या हॉलमध्ये भट्टीवरच्या धाडीची फिल्म दाखवणार हे कळल्यावर तिने आठवडाभर कुणाला झोपू दिलं नाही. माझे आईबाबा पडद्यावर दिसणार, पुढच्या रांगेत बसा, टाळ्या वाजवा, असं ती सगळ्यांना बजावत सुटली होती.

धाड तिच्या डोळ्यांसमोरचीच होती. दोन वर्षांपूर्वी कोन गावाच्या पलीकडे केसरीनाथ शेठच्या भट्टीवर सरकारी गाड्या आल्या आणि तिथे अडकलेली सगळी कुटुंबं सुटली. शेठकडून आगाऊ पैशांची उचल घेऊन आलेली ही माणसं. शेठ म्हणेल तेव्हाच उठायचं, सणालासुद्धा पाड्यावर जायचं नाही, गेलंच तर शेठचा पुतण्या प्रितेश मोटारसायकल घेऊन मागे यायचा. ते सगळं फिल्ममध्ये होतं आणि खरं होतं. डोक्यावर विटा घेतलेली आई, बायडी, दिसली तेव्हा मनालीच्या वर्गाने एवढ्या टाळ्या पिटल्या की पुढचं दोन मिनिटं ऐकूच आलं नाही.

मग तिचा बाबा दिसला. किशन. अंगात पांढरा कोरा शर्ट, कपाळाला कुंकू, हातात लांब काठी. सगळे विटा वाहतायत आणि हा एकटा ताडपत्रीच्या सावलीत उभा. सरकारी साहेब विचारतो, तू कोण? किशन उत्तर देत नाही, तोंड फिरवतो. तेवढ्यात फिल्ममधला आवाज म्हणाला, "सगळे राबत होते, तेव्हा हा नुसता उभा होता. मजुरांवर नजर ठेवायला मालकाने त्यांच्यातलाच माणूस फोडला होता."

हॉलमध्ये कुणीतरी 'शी' केलं. मनालीला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग शेजारच्या मुलीने हळूच आपला हात तिच्या हातातून काढून घेतला, तेव्हा कळलं की बरोबर ऐकलंय.

फिल्म करणारी क्षितिजा समोर खुर्चीवर बसली होती. ती कोनचीच, शेती आणि गाळे असलेल्या घरातली, शिकायला मुंबईला गेलेली. स्वतःच्याच गावच्या शेठच्या विरोधात फिल्म केली म्हणून घरच्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं, एवढी धीराची मुलगी. कुणाला प्रश्न आहेत का, असं तिने विचारलं आणि मनालीचा हात वर गेला.

मनालीने सगळं सांगितलं. भट्टी रचत आली की तिला पेटवायला पाड्यातला एक माणूस निवडतात, त्याला आग देणारा म्हणतात. तो त्या दिवशी उपाशी राहतो, आंघोळ करून कोरे कपडे घालतो, मातीला हात लावत नाही. हातातल्या काठीला चिंध्या बांधून, त्याच काठीने तो संध्याकाळी भट्टीला आग देतो. भट्टी पेटेपर्यंत त्याने तोंडातून एक शब्द काढायचा नाही. काढला तर आग बाहेर उडते, माणूस घेते. भट्टी शेठची असली तरी जळणारी माणसं आपलीच, म्हणून हे सगळं पाळायचं. धाड दुपारी पडली. भट्टी अजून पेटायची होती.

"म्हणून बाबा बोलला न्हाय, ताई. त्याला कोणी फोडला न्हवता. पेटवायच्या आधी बोलला असता तर आमच्यातलं कोण जळलं असतं?"

मागच्या बाकावरून हसू आलं. एक मुलगा म्हणाला, लई भारी, आता मुकादमालापण उपास असतो. क्षितिजा मात्र हसली नाही. चेहरा उतरलेला, ती म्हणाली की मी चौकशी करते.

तिने खरंच केली. पाड्यावर येऊन ठकुबाईला भेटली. ठकुबाई भट्टीवरची सगळ्यात जुनी बाई, धाडीच्या दिवशी साहेबांना आत घेऊन गेलेली तीच. तिने क्षितिजाला आधी घटकाभर शिव्या घातल्या आणि मग सांगितलं की पोरगी बोलते ते खरं हाय. क्षितिजाने मनालीजवळ माफी मागितली. पण फिल्म आता तिच्या एकटीच्या हातात नव्हती. ती ठिकठिकाणी दाखवून झाली होती, हजारो मोबाइलवर पोचली होती. फिल्मच्या शेवटी खुलाशाची एक ओळ टाकता येईल म्हणाली, आणि टाकलीही. ती ओळ सगळ्यांची नावं वर सरकून गेल्यावर यायची. तोपर्यंत लोक उठून चपला शोधत असायचे.

इकडे किशनचं जगणं अवघड झालं होतं. कोनच्या नाक्यावर सकाळी मजूर उभे राहतात, टेम्पोवाले येऊन टोळी करून नेतात. दुसऱ्या पाड्यांतल्या, घाटावरून आलेल्या, यूपीवाल्या, सगळ्यांच्या मोबाइलवर फिल्म होती. किशन दिसला की कुणी म्हणायचं, चला, मुकादमसाहेब आले, सरळ उभे राहा. कुणी त्याच्या पायाजवळ थुंकायचं. त्याला टोळीत कुणी घेईना. पाड्यावर मात्र सगळे त्याच्या बाजूने होते. ठकुबाई तर रोज संध्याकाळी ओट्यावर येऊन बसायची आणि म्हणायची, नाक्यावरच्यांना काय कळतं, आग कोण देतं ते आपल्याला ठावं हाय.

किशनला तेवढं पुरत होतं. मनालीला पुरत नव्हतं. तालुक्यात पहिली आलेली मुलगी ती, बोलून जग सुधारतं यावर तिचा तेव्हा पक्का विश्वास होता.

तिने मैत्रिणीच्या मोबाइलवर स्वतःचा व्हिडिओ केला. शाळेचा युनिफॉर्म घालून, वेणीला नवी रिबीन लावून, मागे डोंगर घेऊन. मॅडम सांगायच्या की पहिलं वाक्य असं टाका की ऐकणारा जागच्या जागी थांबला पाहिजे. म्हणून तिचं पहिलं वाक्य होतं, "ही फिल्म खोटी आहे." मग तिने बाबाचं सगळं सांगितलं, काठीचं, उपासाचं, मौनाचं. मध्ये म्हणाली, "माझ्या बाबाला तिथे कोणी जबरदस्तीने उभं केलं नव्हतं. तो आपल्या मर्जीने उभा होता." आणि शेवटी आवाज चढवून म्हणाली की केसरीनाथ शेठने आम्हाला डांबून ठेवलं होतं, त्याला शिक्षा झालीच पाहिजे. तिला स्वतःलाच ते ऐकून काटा आला.

दोन दिवसांत व्हिडिओ जिकडेतिकडे झाला. वर्गातल्या मुली मोबाइल नाचवत आल्या, अगं तू फेमस झालीस. मनालीने बघितलं. व्हिडिओ कापून एवढासा केला होता. ही फिल्म खोटी आहे. तिथे कोणी जबरदस्तीने उभं केलं नव्हतं. आपल्या मर्जीने उभा होता. संपला. खाली लिहिलं होतं: मजुराच्या मुलीनेच सांगितलं सत्य. पाठवणारा शेठचा पुतण्या प्रितेश.

तिने पूर्ण व्हिडिओ पुन्हा टाकला. एकदा, दोनदा, मैत्रिणींकडून टाकून घेतला. तो शेवटपर्यंत कुणी बघितला नाही. तिने क्षितिजाला फोन केला आणि रडत रडत सगळं सांगितलं. क्षितिजा एवढंच म्हणाली की शेठवरच्या केसची सुनावणी तोंडावर आली आहे, आता काय करू शकू मला कळत नाही.

त्या संध्याकाळी ठकुबाई ओट्यावर आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मनाली तिच्या झोपडीत धावत गेली, पाय धरले, पूर्ण व्हिडिओ दाखवायला मोबाइल पुढे केला. ठकुबाईने तो हाताने बाजूला सारला.

"तुझ्या बापाचं नाव धुवायला गेलीस. आमच्या सुटकेवर पाणी फिरवलंस, पोरी. शेठचा वकील म्हणतो, समदी मर्जीनं राहत व्हती. आता आम्ही काय सांगायचं?"

मनालीकडे उत्तर होतं. तिच्याकडे नेहमीच उत्तर असायचं. ते तसंच घेऊन ती झोपडीबाहेर आली.

घरी बायडीने भाकरी थापता थापता एवढंच विचारलं, जेवतेस का. बायडी पाण्याला गेली तेव्हा बायकांनी तिची हंडी उचलून बाजूला ठेवली होती, हे मनालीला शेजारच्या पोरांकडून कळलं.

सुनावणीला किशनने तोच पांढरा शर्ट घातला. दुसरा चांगला शर्ट नव्हता. मनाली आईला म्हणाली की हा नको, आणि बायडी म्हणाली, मग काय उघडा जाऊ दे? भिवंडीतल्या सरकारी कचेरीच्या खोलीत एका बाजूला पाड्यावरची माणसं बसली होती, एका बाजूला केसरीनाथ शेठ, प्रितेश आणि वकील. मधल्या बाकावर किशन, बायडी, मनाली. शेठने किशनकडे बघून ओळखीचं हसून मान हलवली. ते खोलीतल्या सगळ्यांनी पाहिलं. तो हसला नसता, चिडून बघितलं असतं तर किती बरं झालं असतं, असं मनालीला वाटलं.

वकिलाने मोबाइल काढून सुनावणी घेणाऱ्या साहेबांना मनालीचा आवाज ऐकवला. मग किशनला उभं केलं. साधा प्रश्न आहे, म्हणाला. हो की नाही, एवढंच सांगा. त्या दिवशी तुम्ही तिथे आपल्या मर्जीने उभे होता का?

साहेबांनीही सांगितलं की जे असेल ते बोला, घाबरू नका. मनाली मनातल्या मनात ओरडत होती, नाही म्हण बाबा. एकदा नाही म्हण. सगळं सुटेल.

किशनने हात जोडले. भट्टीपुढे जोडायचा तसेच. आग द्यायला माणूस कुणी ढकलून उभा करत नाही. ढकललेल्याच्या हातची आग लागत नाही. त्याच्या बापाने आग दिली होती, आज्याने दिली होती. जबरदस्तीने उभा होतो असं म्हटलं तर ते सगळे खोटे पडणार.

"व्हय," तो म्हणाला. "मर्जीनं उभा होतो. पन त्ये..."

"बस, एवढंच," वकील म्हणाला आणि खाली बसला.

साहेबांनी किशनला पुढे बोलू दिलं. तो उपासाचं सांगायला लागला, मग काठीचं, मध्येच अडखळला, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. मागे ठकुबाई उठून बाहेर गेली. तिच्यामागे दुसरी, मग तिसरी. रिकाम्या होत चाललेल्या बाकांकडे बघत किशन बोलत राहिला आणि मग बोलायचा थांबला. पुढची तारीख पडली.

बाहेर पाड्याचा टेम्पो उभा होता. सकाळी ते तिघं त्यातूनच आले होते. मनाली पुढे झाली, तर आतल्या बाईने पाय लांब करून जागा भरून टाकली. टेम्पो निघून गेला.

मग तिघं कल्याणच्या रस्त्याने कोनकडे चालत निघाले. पुढे किशन, पांढरा शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. मध्ये बायडी. मागे मनाली. ट्रक अंगावरून गेल्यासारखे जात होते. एका ट्रकमधून कुणीतरी ओळखून हाक मारली, ए मुकादम. किशनने वळून पाहिलं नाही.

मनालीला त्याला हाक मारायची होती. माझं चुकलं म्हणायचं होतं, तुझं काही चुकलं नाही म्हणायचं होतं. कुठल्या वाक्याने सुरुवात करावी, हे तिला कोनचा नाका आला तरी सुचलं नाही.