बाबांच्या नाडीची बरणी

थंडी पडली की चीनमधल्या आमच्या वूशी शहरात वैद्यांकडे चाटणांचा हंगाम सुरू होतो. वैद्य नाडी बघतात, जीभ बघतात, तीस-चाळीस औषधं लिहितात आणि मागच्या अंगणात तांब्याच्या कढईत ज्याचं त्याचं चाटण आटतं. मग हिवाळाभर रोज सकाळी एक चमचा. ज्याची नाडी त्याचीच बरणी, एवढा एकच नियम.

तो माझ्या बाबांनी, म्हणजे छ्यान बाओख्वे यांनी, मोडला. हे मला फार उशिरा कळलं.

मी नोकरीला लांब दक्षिणेत, ग्वांगचौला. फोनवर एकदा बोलून गेले की हल्ली दमायला होतं. बस्स. बाबा आमच्या नेहमीच्या वैद्यांसमोर हात ठेवून म्हणाले, माझीच नाडी बघा, पोरगी अगदी माझ्यावर गेलीय. वैद्यांनी सांगितलं, नाडी वारशाने मिळत नाही. त्यांनी बाबांचीच बघितली, गंभीर झाले आणि बाबांसाठीच जहाल उष्ण चाटण आटवलं. बाबांनी मान डोलावली आणि बरणी पार्सलने मला पाठवली.

ग्वांगचौत डिसेंबरातही लोक अर्ध्या बाह्यांत फिरतात. तिसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये साहेबांच्या फायलीवर माझ्या नाकातून रक्त ठिबकलं. पाचव्या दिवशी हनुवटीवर गळू आलं, तेही असं की लिफ्टमधले लोक माझ्याशी बोलताना गळूकडे बघून बोलायचे. मी बरणी आमच्या इमारतीचे वॉचमन फांगकाका यांना देऊन टाकली. सत्तरीचे काका खुर्चीत गुडघे चोळत पेंगायचे. महिन्याभरात ते दोन-दोन पायऱ्या चढायला लागले, आणि संध्याकाळी बागेत लाँड्रीवाल्या मावशींबरोबर नाचायलासुद्धा.

बाबांचा दर रविवारी फोन. चमचा घेतलास? कडक चहा नाही ना? मुळा नाही ना? मुळ्याने औषधाचा जोर मरतो. मी समोरचं मुळ्याचं सूप ढवळत म्हणायचे, छे हो बाबा. मला सोबत म्हणून त्यांनीही मुळा सोडला होता. न खाल्लेल्या औषधाचं पथ्य माझे बाबा पाळत होते. मी मैत्रिणींना सांगून पोट धरून हसले होते.

फेब्रुवारीत, चिनी नवीन वर्षाला घरी गेले. त्या वैद्यांना शुभेच्छा द्यायला गेले तेव्हा फांगकाकांचा किस्सा रंगवून सांगितला. ते हसले नाहीत.

"ती तुझ्या बाबांची होती गं," ते म्हणाले. "त्यांची नाडी बोटाला लागत नव्हती."

मी म्हटलं, मग आता नवीन बनवा. ते म्हणाले, वसंत लागला, आता पुढच्या थंडीत. तोवर बोकडाचं सूप दे, लवकर झोपव, ऊन आल्याशिवाय उठू देऊ नकोस.

सगळं सांगून टाकायचं असं ठरवूनच घरी आले. बाबा दोन गोधड्या पांघरून, हातमोजे घालून शेजारीणबाईंना माझे गाल दाखवत होते. बघा कशी टवटवीत झालीय. मग माझ्याकडे वळले.

"काय गं, बरणीचा गुण आला ना?"

"हो बाबा. त्याचाच."

पुढची थंडी यायच्या आत मी फोनवर सगळं खरं सांगितलं. नाक, गळू, फांगकाका, नाच. बाबा खोकला येईपर्यंत हसले.

"मला खायला लावायचं म्हणून एवढ्या थापा? म्हणे वॉचमन नाचतो. तुझे गाल मी या डोळ्यांनी बघितलेत."

थंडी पडल्यावर पार्सल आलं, वैद्यांनी बाबांसाठी आटवलेली नवी बरणी. मी परत पाठवलं. त्यांनी पुन्हा पाठवलं, वर अक्रोड घालून. मीच जाऊन त्यांच्यासमोर बसून भरवायला हवं होतं. रजा मिळते का बघते, असं मी म्हणाले. बघतच राहिले.

तिसऱ्या थंडीत पार्सल आलं नाही.